हर्मिट खेकड्याच्या टाकीतला वाळूचा थर

जमिनीवर राहणारा हर्मिट खेकडा रिकाम्या शंखात पोट लपवून फिरतो, म्हणून शंख हेच त्याचे घर असे मानले जाते. त्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ मात्र ओल्या वाळूखाली जातो. विकत आणलेले बरेच खेकडे वर्षभरही जगत नाहीत. मोकळ्या निसर्गात हेच प्राणी दशकानुदशके जगू शकतात. या तफावतीमागे कोरडी हवा, रंगवलेले शंख, क्लोरीनचे पाणी अशी अनेक कारणे असतात. तरीही टाकीच्या तळाशी अंथरलेला उथळ, कोरडा किंवा कुजलेला थर हे त्यांतले फार मोठे कारण आहे, आणि थोड्या समजुतीने ते टाळता येते.

पाळण्यासाठी विकले जाणारे हर्मिट खेकडे ‘सीनोबिटा’ या प्रजातीतले असतात. कॅरिबियन बेटे, फ्लोरिडा आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर आढळणारा, जांभळ्या नांगीचा ‘सीनोबिटा क्लिपिएटस’ अमेरिकेतल्या दुकानांत सर्वाधिक दिसतो. जपानमध्ये ‘सीनोबिटा’ प्रजातीला 1970 पासून नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षण आहे. भारतात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर ‘सीनोबिटा’च्या काही जाती राहतात, झाडावर चढणारा प्रचंड नारळी खेकडा हा त्यांचाच जवळचा नातलग. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत शंख घेऊन पळणारे जीव मात्र वेगळे. ते बहुतांशी ‘क्लिबॅनेरियस’ आणि ‘डायोजेनिस’ या सागरी प्रजातींतले असतात आणि त्यांना श्वासासाठी समुद्राचे पाणीच लागते. सहलीहून परतताना असा खेकडा डब्यात घालून आणला आणि त्याला कितीही उत्तम वाळू दिली, तरी तो जगत नाही. त्याला त्याच्या डबक्यातच राहू द्यावे.

जमिनीवरचा हर्मिट खेकडा समुद्रातल्या पूर्वजांपासून दूर आला असला तरी ओलाव्यापासून सुटलेला नाही. त्याचे कल्ले लहान झाले आहेत. शंखात दडलेल्या मऊ पोटाच्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि तिथूनही तो हवेतला प्राणवायू घेतो. कल्ले असोत की त्वचा, ती ओली असेल तोवरच हे काम चालते. म्हणून तो शंखात थोडे पाणी साठवून ठेवतो आणि गोड्या व खाऱ्या पाण्यात आळीपाळीने जाऊन त्या साठ्यातले मिठाचे प्रमाण जुळवतो. टाकीतली हवा 75 ते 85 टक्के दमट ठेवायची ती याच कारणासाठी. या दमटपणाचा मोठा साठा वाळूच्या थरात असतो. थर सुकला की झाकण कितीही घट्ट असले तरी हवा कोरडी पडू लागते.

पण थराचे खरे काम दिसते ते खेकडा कात टाकतो तेव्हा. खेकड्याचे बाह्यकवच त्याच्याबरोबर वाढत नाही. वाढायचे तर जुने कवच सोडून नवे घडवावे लागते. त्याआधी तो भरपूर खातो, पाण्याजवळ घुटमळतो, सुस्तावतो, त्याचे डोळे धुरकट दिसू लागतात, आणि एके दिवशी तो वाळूत उतरून नाहीसा होतो. खाली गेल्यावर तो पायांनी आणि शंखाने चहूबाजूंनी वाळू दाबून एक छोटी पोकळी तयार करतो. शरीरात साठवलेल्या पाण्याच्या दाबाने जुने कवच फुटते आणि त्यातून मऊ, फिकट खेकडा बाहेर येतो. या अवस्थेत त्याला धड चालता येत नाही आणि नांगीने स्वतःचा बचावही करता येत नाही. पुढचे कित्येक दिवस तो त्याच पोकळीत पडून राहतो आणि टाकलेले कवच हळूहळू खातो; त्यातल्या कॅल्शियमवर नवे कवच टणक होते. तुटलेला पाय पुन्हा उगवतो तोही याच काळात. लहान खेकड्याचे हे सगळे तीन-चार आठवड्यांत उरकते. मोठा खेकडा दोन-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त काळ खाली राहतो.

हे सारे अंधारात, एकांतात आणि एकसारख्या ओलाव्यात व्हावे लागते. वाळू कोरडी असेल तर पोकळी ढासळते आणि मऊ अंगावर पडते. थर उथळ असेल तर खेकडा कात टाकायचे लांबवत राहतो किंवा नाइलाजाने वरच, उघड्यावर टाकतो. तसे झाले की टाकीतले इतर खेकडे ताज्या कातेच्या वासावर येऊन त्याला खातात. दुकानांत अनेकदा दिसणारा दोन बोटे जाडीचा रंगीत खड्यांचा थर म्हणजे या प्राण्याला वाढण्याची परवानगीच नाकारणे होय.

थर कशाचा करावा याबाबत अनुभवी पाळणाऱ्यांमध्ये आता बरीच एकवाक्यता आहे. मापाने पाच भाग बारीक वाळू आणि एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट. वाळू मुलांच्या खेळासाठी विकतात तशी किंवा फिशटँकसाठी मिळते तशी धुतलेली, गोलसर कणांची सिलिका वाळू असावी. महाराष्ट्रात बांधकामाला सर्रास वापरली जाणारी क्रश सँड यासाठी योग्य नाही. ती दगड फोडून केलेली असल्याने तिच्या कणांच्या कडा धारदार असतात आणि तिच्यात दगडाची भुकटीही भरपूर असते. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत असंख्य सूक्ष्मजीव आणि कुजणारे कण असतात, त्यामुळे तीही टाळलेली बरी. कोकोपीटची वीट घेताना त्यात खत किंवा बुरशीनाशक मिसळलेले नाही याची खात्री करावी. रोपवाटिकेसाठीच्या काही विटांत ते असते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी म्हणून विकली जाणारी कॅल्शियमची वाळू ओली झाली की दगडासारखी घट्ट बसते आणि खेकड्याला तिच्यातून वाट काढता येत नाही. देवदार किंवा पाइनच्या लाकडाचा भुसा तर टाकीत येताच कामा नये, कारण त्यातली तेले कवचधारी प्राण्यांना घातक असतात. मोठे खडे निरुपयोगी, कारण त्यांत पोकळी टिकत नाही.

वाळू आणि कोकोपीट हे दोन्ही का लागतात, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. दोन वाळूकणांच्या मधल्या फटीत पाण्याचा बारीक पूल तयार होतो आणि पाण्याचा पृष्ठताण त्या कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कोरड्या वाळूत असे पूल नसतात, म्हणून ती ओघळते. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूतही ते उरत नाहीत, कारण फटीत हवाच नसते. अशी वाळू चिखलासारखी वाहते. भिंत उभी राहते ती या दोहोंच्या मधल्या टप्प्यात. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते आणि ते सावकाश सोडते, त्यामुळे हा मधला टप्पा लवकर मोडत नाही. मात्र कोकोपीट वाढवत नेले तर थर भुसभुशीत होतो, बुरशी लवकर धरतो आणि पोकळीचे छत पेलत नाही. केवळ कोकोपीटवर ठेवलेली टाकी दिसायला जंगलासारखी छान दिसते. खेकड्याच्या दृष्टीने मात्र वाळूचे जास्त प्रमाणच महत्त्वाचे.

ओलावा किती असावा याची परीक्षा हाताने होते. मूठभर मिश्रण दाबले की लाडू वळल्यासारखा गोळा झाला पाहिजे, तो तळहातावर न फुटता राहिला पाहिजे आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. गोळ्यात बोट खुपसून भोक पाडले तर ते तसेच राहिले पाहिजे. थेंब पडले तर पाणी जास्त झाले. गोळा फुटला तर कमी पडले. थर टाकीत भरण्याआधीच सगळे मिश्रण बादलीत किंवा घमेल्यात कालवून ही परीक्षा घ्यावी. नंतर वरून पाणी ओतून ओलावा जुळवायला गेले तर वरचा भाग कोरडा आणि तळ चिखल, अशी गत होते.

कालवायचे पाणी क्लोरीनरहित असावे लागते. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात फक्त क्लोरीन असेल तर ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्यावर बरेचसे उडून जाते. क्लोरॅमिन वापरलेल्या पाण्याचे तसे होत नाही. त्यासाठी मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे द्रावण घालावे. पहिले मिश्रण कालवताना बरेच जण समुद्री मीठ विरघळवलेले पाणी वापरतात. त्याने बुरशीला थोडा आळा बसतो आणि खेकड्याला परिचित खनिजेही मिळतात. हे मीठ सागरी मत्स्यटाक्यांसाठीचे असावे, प्रमाण समुद्राच्या पाण्याइतके, म्हणजे लिटरला सुमारे 35 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्ये असतात. ते इथे वापरू नये. पुढे थर सुकून पाणी घालायची वेळ आली तर मात्र गोडे पाणीच घालावे. हवेत उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. प्रत्येक वेळी खारे पाणी घातले तर काही महिन्यांत थर समुद्रापेक्षाही खारट होतो.

खोलीचा नियम सोपा आहे. थर किमान 15 सेंमी असावा, आणि टाकीतल्या सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीची तिप्पट त्याहून जास्त भरत असेल तर तितका. यात काटकसर करू नये. 60 सेंमी लांब आणि 30 सेंमी रुंद टाकीत 20 सेंमी थर म्हणजे 36 लिटर मिश्रण, आणि ओल्या वाळूच्या हिशेबाने ते 60 किलोहून जास्त होते. पुस्तकांच्या रॅकवर किंवा पातळ काचेच्या स्टँडवर अशी टाकी ठेवणे धोक्याचे आहे. आधी मजबूत चौरंग किंवा ओटा बघावा आणि मगच वाळू भरावी. एकाच वेळी दोन-तीन खेकडे खाली असतील तर त्यांना एकमेकांपासून दूर राहता यावे यासाठी खोलीइतकेच क्षेत्रफळही महत्त्वाचे आहे.

थर बिघडतो दोन वाटांनी, सुकून किंवा तुंबून. सुकण्याचे कारण बहुतेक वेळा उष्णता देण्याची चुकीची रीत असते. या खेकड्यांना 24 ते 29 अंश सेल्सियस तापमान मानवते. थंड प्रदेशात त्यासाठी तापणारे पट्टे वापरतात. असा पट्टा टाकीच्या तळाखाली लावला तर थर खालून भाजल्यासारखा सुकतो आणि उष्णता टाळण्यासाठी खाली उतरलेला खेकडाच शेकला जातो. पट्टा मागच्या काचेवर, थराच्या पातळीच्या वर लावला की वरची हवा गरम राहते आणि थर आपला ओलावा टिकवतो. महाराष्ट्रात हिवाळ्यातल्या काही रात्री सोडल्या तर प्रश्न उलटाच असतो. मे महिन्यातल्या नागपूरची कोरडी, 40 अंशांच्या वर जाणारी हवा किंवा एसी लावलेली बंद खोली थराच्या पृष्ठभागावरून फार वेगाने पाणी शोषून घेते. अशा वेळी काचेचे झाकण जवळपास पूर्ण बंद ठेवावे आणि एका कोपऱ्यात ओल्या स्फॅग्नम शेवाळाचे भांडे ठेवावे. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीकडे मात्र झाकणाला फट ठेवावी लागते. आर्द्रतामापक किती खरे सांगतो हे मिठाने तपासता येते: बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते जेमतेम ओले करावे आणि मापकासह बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. पिशवीतली हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापकावर जो फरक दिसेल तो पुढे प्रत्येक नोंदीत धरावा.

तुंबणे अधिक घातक, कारण ते उशिरा दिसते. दमट टाकीत काचेवर वाफ धरते, तिचे थेंब काचेवरून ओघळून थराच्या मागून तळाला जातात. खेकडे पाण्याच्या भांड्यातून बाहेर येताना शंखातले पाणी सांडतात. हौशीने रोज फवारणी होते. वरची वाळू ठीक दिसते आणि खाली तळे साचत जाते. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. त्यामुळे भरलेल्या तळाशी तो लवकर संपतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वाढू लागतात. समुद्री मिठात सल्फेट असतेच. हे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बनवतात. सडक्या अंड्याचा वास आणि काचेतून दिसणारे काळे पट्टे या त्याच्या खुणा. तिथे कात टाकत बसलेला खेकडा बुडतो किंवा गुदमरतो.

खाली खड्यांचा थर देऊन त्यावर वाळू घातली की निचरा आपोआप होतो, असा समज रूढ आहे. पण बारीक वाळूतले पाणी केशाकर्षणाने वाळूतच धरून राहते. खालचे मोठे खडे त्याला ओढून घेऊ शकत नाहीत, आणि वाळूचा सर्वांत खालचा भाग भरल्याशिवाय पाणी खड्यांत उतरत नाही. म्हणजे खड्यांमुळे चिखलाची पातळी फक्त थोडी वर सरकते. जाळीदार खोटा तळ आणि पाणी उपसायची नळी यांचा उपयोग होतो तो फाजील पाणी बाहेर काढण्यापुरता. त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे थर भरतानाच एका कोपऱ्यात तळापर्यंत जाणारी पारदर्शक नळी उभी करणे. नळीत पाणी चढलेले दिसले की बारीक रबरी नळीने ते ओढून घ्यावे, काही दिवस झाकण किंचित उघडे ठेवावे आणि फवारणी थांबवावी. एवढ्याने बहुतेक टाक्या सावरतात.

निरोगी थर निर्जंतुक नसतो आणि तो तसा करायचाही नसतो. किनाऱ्यालगतच्या झाडीत जिथे हे खेकडे राहतात तिथे पालापाचोळा, बुरशी आणि असंख्य सूक्ष्म प्राणी यांचे चक्र सतत चालू असते. टाकीतही त्यातला थोडा भाग उभा करता येतो. पांढरे, उड्या मारणारे बारीक स्प्रिंगटेल बुरशी खातात. दगडाखाली सापडणारे, चिलखती पाठीचे करडे आयसोपॉड सांडलेले अन्न आणि विष्ठा संपवतात. दोघेही खेकड्याला त्रास देत नाहीत. थरावर देशी बदामाची, म्हणजे किनाऱ्यावर सगळीकडे दिसणाऱ्या पसरट फांद्यांच्या बदामाची, कीटकनाशक न फवारलेली वाळकी पाने पसरली तर या जीवांना आसरा आणि खेकड्यांना खाद्य मिळते. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत पांढरी बुरशी दिसते. ती चमच्याने उचलून टाकावी, घाबरण्याचे कारण नाही. अन्नावर जमणारे बारीक माइट किंवा काळी चिलटे दिसली तर ओलावा आणि उरलेले अन्न दोन्ही जास्त झाले, असे समजावे. कीटकनाशकाचा फवारा टाकीच्या आसपासही मारू नये. खेकडेही संधिपाद आहेत आणि कीटकांना मारणारे औषध त्यांनाही मारते.

रोजची देखभाल म्हणजे वरवरची स्वच्छता: उरलेले मासे, फळे, अंडे दुसऱ्या दिवशी उचलणे, पाण्याची भांडी धुणे, विष्ठेचे गोळे दिसले तर काढणे. दर महिन्याला सगळी वाळू बदलावी असा जुना सल्ला अजूनही ऐकू येतो. तो पाळला तर प्रत्येक वेळी खाली कात टाकणारा एखादा खेकडा उकरला जाण्याची भीती असते, आणि पोकळी मोडलेला मऊ खेकडा बहुधा वाचत नाही. या प्राण्याची काळजी घेण्यातला सर्वांत अवघड भाग हात आवरणे हाच आहे. दोन महिने न दिसलेला खेकडा जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी खोदू नये. मेलेला खेकडा कुजल्या मासळीसारखा वास स्वतःहून सोडतो. तसा वास येत नसेल तर वाट पाहावी.

खोदणे क्षम्य ठरते ते एकाच परिस्थितीत: तळ तुंबून सडला असेल तेव्हा. मग कोपऱ्यापासून सुरुवात करून हाताने, थोडी थोडी वाळू काढत जावे. खुरपे किंवा मोठा डाव वापरू नये. खेकडा सापडला तर तो भोवतालच्या वाळूसकट उचलावा आणि त्याची टाकलेली कात त्याच्याजवळच ठेवावी, कारण तेच त्याचे अन्न आहे. शंखातून बाहेर पडलेला असेल तर त्याला आत ढकलू नये. शंख त्याच्या पोटाजवळ ठेवून द्यावा. त्याला वेगळ्या, झाकलेल्या, अंधाऱ्या आणि दमट डब्यात ताज्या मिश्रणावर ठेवले आणि कुणी स्पर्श केला नाही, तर कधी कधी तो तगतो.

सगळे खेकडे वर असण्याचा दुर्मीळ योग आला आणि थर जुना, खारट किंवा मातकट झालेला असेल, तर तो बदलण्याची हीच वेळ. नवे मिश्रण आदल्या दिवशी कालवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि जुन्या थरातली मूठभर निरोगी वाळू त्यात मिसळावी, म्हणजे स्प्रिंगटेल आणि उपयुक्त जिवाणू नव्या थरात लवकर रुजतात. काढलेल्या वाळूत मीठ साठलेले असते, म्हणून ती कुंड्यांत किंवा बागेत टाकू नये, रोपे जळतात. ती किनाऱ्यावर नेऊन ओतणेही योग्य नाही, कारण टाकीतले परके माइट आणि बुरशी तिथे पोचू नयेत. पिशवीत बांधून ती बांधकामाच्या राडारोड्याबरोबर द्यावी.